मुलीच्याच वर्षी बारावीला बसू का?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस असलेल्या 37 वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. "बाई, मी 2004 साली माहेरच्या शाळेतून दहावी पास झाले. अकरावीला नाव घातलं होतं, पण वडील अंथरुणाला खिळले आणि दिवाळीनंतर मी गेलेच नाही. आता सेविकेच्या जागेला बारावी लागते म्हणतात. गावातले एकजण म्हणतात, बारावीच्या भानगडीत पडू नका, मुक्त विद्यापीठातून थेट बीए होतं, 3 वर्षांत पदवी हातात. फॉर्मपासून पेपरपर्यंत सगळं बघतो म्हणतात, 18 हजार मागतात. जाऊबाई म्हणतात, मुक्तच्या पदवीला कोण विचारतंय. मालक हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. त्यात माझी मुलगी यंदा बारावीला गेली. ती पास झाली आणि मी नापास झाले तर तोंड कुठे लपवू? एक वर्ष थांबू का? का सोडूनच देऊ?"

ताई,

आधी बारावी करा, मग पदवी. आणि यंदाच फॉर्म भरा, थांबू नका. पत्राचं उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही पोटातलं लिहिलंय, म्हणून हे का म्हणते आहे ते सविस्तर सांगते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून, म्हणजे शिकवायला, जायचे. सोळा वर्षं गेले. माझ्या वर्गात एसटीचे कंडक्टर होते, वायरमन होते, पोलीस शिपाई होते, एकाच घरातल्या दोन जावा होत्या, आणि तुमच्यासारख्या अंगणवाडीतल्या बायका तर दर वर्षी असायच्या. म्हणून जाऊबाईंच्या वाक्याचं मला वाईट वाटलं, ते आधी बाजूला करते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून नाशिकला स्थापन केलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. तिथली पदवी ही इतर विद्यापीठांसारखीच पदवी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरायची. पुन्हा कुणी म्हणालं तर हेच सांगा. दिवसभर राबणाऱ्या माणसाने राहिलेल्या वेळात शिकायचं, हे आपल्याकडे काही काल सुरू झालं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. त्या मुलांच्या शिक्षणाला कुणी कमअस्सल म्हणालं असतं, तर आपण ऐकून घेतलं असतं का?

आता ते "थेट बीए".

हे म्हणणं अगदी हवेतलं नाही, म्हणूनच त्यात माणूस फसतो. मुक्त शिक्षणाची मूळ कल्पनाच ती आहे: आधीच्या परीक्षेचा कागद नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने 1971 मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा प्रवेशाला कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट ठेवली नव्हती. आपल्याकडेही 1985 च्या नियमांत अशी सोय होती, की मागचं काहीच शिक्षण नसलेल्या पण 21 वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन दूरस्थ पदवीला बसता यावं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बारावी नसलेली कितीतरी माणसं पदवीपर्यंत पोचली. त्यांतली काही माझ्यासमोर बसलेली होती. एक गृहस्थ सहावीत शाळा सुटलेले, पन्नाशीला बीए झाले. त्यांना नोकरीत बढती नको होती. गावच्या वाचनालयात पोथी सोडून दुसरं पुस्तक वाचून दाखवता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्यासाठी ती वाट उत्तम होती.

तुमचं तसं नाही. तुम्हाला सेविकेची जागा हवी आहे, आणि ती देणारा माणूस तुमच्या कागदांत बारावीची गुणपत्रिका शोधणार आहे. 2023 पासून महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांच्या नव्या निवडीला किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे. बारावी वगळून घेतलेल्या पदवीने बारावीचा रकाना भरत नाही. तुम्ही 3 वर्षं घालवाल, पदवी घेऊन जाल, आणि समोरचा विचारेल, "बारावी कुठाय?" एकदा नोकरीच्या कागदांत ही फट राहिली की ती पुढे प्रत्येक टेबलावर दिसते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयासमोर तामिळनाडूतलं एक प्रकरण आलं होतं. त्यात पहिली पदवी न घेताच मुक्त प्रवेशातून थेट एमए केलेलं होतं, आणि न्यायालयाने ती एमए नेमणुकीसाठी ग्राह्य धरली नाही. तिथे प्रश्न एमएचा होता, तुमचा बारावीचा आहे, पण पायरी गाळून वर गेलं की काय होतं ते त्यातून कळतं. परीक्षा दिलेली, अभ्यास केलेला, तरी कागद चालला नाही. एवढी मेहनत करून तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

त्या गावातल्या माणसाबद्दल. मुक्त विद्यापीठाचा असो नाहीतर मंडळाचा, फॉर्म आपला आपण भरता येतो, शुल्क ऑनलाइन भरता येतं आणि पावती आपल्या मोबाइलवर येते. मग 18 हजार कशाचे? "पेपरचं बघतो" याचा अर्थ तुम्हालाही कळला आहे, म्हणूनच तुम्ही ते पत्रात वेगळं लिहिलंत. परीक्षेत गैरप्रकार सापडला तर तो माणूस पकडला जात नाही, हॉलमध्ये बसलेली बाई पकडली जाते. अंगणवाडीतलं तुमचं नाव, इतक्या वर्षांचा विश्वास, सगळं त्यात जाईल. त्याला मूळ दाखला, मूळ गुणपत्रिका, आधार, काहीही देऊ नका. दिलं असेल तर आजच परत आणा. कुणाकडे नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड अडकले की आपला फॉर्म आपल्यालाच उघडता येत नाही. हे मी रडणाऱ्या बायकांकडून ऐकलेलं आहे.

बारावीच्या तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली आपल्या राज्य मंडळाची, 17 नंबरचा फॉर्म. शाळा-कॉलेजात न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचं. दहावी होऊन दोन वर्षं उलटलेली असावी लागतात, तुमची वीसहून जास्त झाली. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतो आणि तारीख चुकली की विलंब शुल्काचं झेंगट मागे लागतं. तुम्हाला एक कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडावं लागेल. विषय तिथे शिकवले जातात त्यांतलेच घ्यायचे. कला शाखा घ्या. इंग्रजी सक्तीचं आहे, त्याला इलाज नाही. बाकी मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असे विषय बघा आणि प्रात्यक्षिकाच्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट बहुतेक खाजगी विद्यार्थ्यांना कुणी सांगतच नाही. लेखी पेपराशिवाय तोंडी परीक्षा असते, प्रकल्प असतात, पर्यावरण शिक्षणाचं काम असतं, आणि ते सगळं त्या कॉलेजातच द्यायचं असतं. फॉर्म भरला आणि थेट फेब्रुवारीत उगवलं, असं केलं की हे गुण हातचे जातात. म्हणून पहिल्याच भेटीत तिथल्या लिपिकाला आणि एखाद्या शिक्षिकेला विचारा, की खाजगी विद्यार्थ्यांनी कधी कधी यायचं. तारखा वहीत लिहून घ्या. तुमचा फोन नंबर त्यांच्याकडे ठेवून या.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथला मोकळेपणा खरोखर मोठा आहे. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, त्यात परीक्षेच्या नऊ संधी. एका वेळी एक विषय दिला तरी चालतो आणि पास झालेला विषय जमा राहतो. ज्या बाईच्या घरी आजारी माणूस आहे, किंवा जिचं सहा महिने ऊसतोडीवर जातात, तिला मी डोळे मिटून हीच वाट सांगते. तुमचं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, कॉलेज जवळ आहे, घरात बारावीची पुस्तकं आधीच आली आहेत. म्हणून तुम्हाला राज्य मंडळ सोपं जाईल असं माझं मत आहे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, मुलीची पुस्तकं ओढायची गरज नाही.

आणि आता मुलीचं. तुमचं खरं दुखणं तेच आहे.

तुम्ही लिहिलंय, ती पास आणि मी नापास झाले तर. मी तुम्हाला उलटं विचारते. तिने तिच्या आईला कधी अडखळताना पाहिलंय का? मुलं आपल्या आईला भाकऱ्या करताना बघतात, आजारपणात जागताना बघतात, पण काहीतरी येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा गिरवताना फारशी बघत नाहीत. तुम्ही इंग्रजीत नापास झालात आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बसलात, तर ते बघून मुलीची मान खाली जाईल असं मला वाटत नाही. राहिलेल्या विषयालाच पुन्हा बसता येतं, सगळं पहिल्यापासून द्यावं लागत नाही.

तरीही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. गावात निकालाच्या दिवशी दारात येऊन विचारणारे असतातच. म्हणून संपर्क केंद्र मुलीच्या कॉलेजापेक्षा वेगळं घ्या, जवळपास दुसरं असेल तर. तिच्या मैत्रिणींच्या रांगेत बसावं लागणार नाही, आणि तिलाही तिचं वर्ष तिचं म्हणून मिळेल. मंडळाचा निकाल ऑनलाइन बघताना बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. तुमचा बैठक क्रमांक तुम्ही कुणाला दिला नाही तर कुणाला कळायचं कारण नाही. मुलगी तिच्या निकालासाठी त्या रकान्यात तुमचं नाव लिहील, तुम्ही तुमच्यासाठी तुमच्या आईचं लिहाल. त्या दोन ओळी भरेपर्यंत दोघींनी हे घरातच ठेवलं तरी चालेल.

एक मात्र कराच. फॉर्म भरायच्या आधी तिच्याशी बोला. "मी पण बसते आहे" असं सांगू नका, "बसू का, तुला अवघड जाईल का" असं विचारा. सतराव्या वर्षी मुलींना आईची लाज वाटू शकते, त्यात वाईट काही नाही. ती गप्प राहिली तर दोन दिवस जाऊ द्या. आणि तिला तुमची शिकवणी घ्यायला लावू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण घरोघरी हेच होतं: आईला एक शब्द अडतो, ती मुलीला हाक मारते, मग दुसरा, मग तासभर जातो. तिचंही बारावीचंच वर्ष आहे. तुमचे अडलेले शब्द दिवसभर एका कागदावर लिहून ठेवा आणि रविवारी अर्धा तास दोघी मिळून बसा. बाकी दिवस तिने तिचं करावं, तुम्ही तुमचं. एकाच दिव्याखाली बसलात तर उत्तमच.

एक वर्ष थांबू का, असं विचारलंत. मुलीचं बारावी झालं की तिच्या पुढच्या प्रवेशाची धावपळ येईल. त्यानंतर घरात दुसरं काहीतरी येईल. माझ्या वर्गात "मागच्या वर्षीच येणार होते" म्हणणाऱ्या बायकांची मागची वर्षं सातआठ असायची.

प्रवेश खुला असणं म्हणजे काय, ते या सोळा वर्षांत मला नीट कळलं. पहिल्या रविवारी खोली भरलेली असायची. बाकावर तिघं तिघं. दिवाळीनंतर निम्मे यायचे नाहीत. जे गळाले ते काही ढ नव्हते. त्यांत कितीतरी जण माझ्या कॉलेजातल्या नियमित मुलांपेक्षा हुशार होते. त्यांना घरी तास मिळाला नाही, एवढंच. नेहमीच्या कॉलेजात घंटा असते, हजेरी असते, मास्तर ओरडतात. मुक्त शिक्षणात हे काही नाही, सगळं आपल्यावर सोडलेलं असतं. म्हणून शुल्क भरायच्या आधी दिवसातला तास ठरवा आणि तो घरच्यांना सांगा. तुमच्या पत्रावरून दिसतं, की दुपारी मुलं घरी गेली, भांडी झाली की संध्याकाळच्या चहापर्यंत मध्ये वेळ असतो. तो तास अंगणवाडीतच काढा, घरी जाऊ नका. घरी गेलात की धुणं दिसतं. सेविकाताईंशी तुमचं जमत असेल तर त्यांना विश्वासात घ्या.

अभ्यासाला इंग्रजीपासून लागा आणि बारावीच्या पुस्तकापासून लागू नका. मुलीची आठवी-नववीची इंग्रजीची पुस्तकं माळ्यावर असतील. एक महिना तीच वाचा, मोठ्याने वाचा. वीस वर्षांची गंज बसलेली आहे, ती काढल्याशिवाय युवकभारती उघडलंत तर पहिल्याच पानावर धीर सुटेल. मराठी, इतिहासाचं वाचन तुम्हाला जड जाणार नाही, पण लिहायचा हात गेलेला असतो. तीन तास सलग पेन धरायची बोटांना सवय उरत नाही. रोज एक पान काहीही लिहा, अंगणवाडीतल्या एखाद्या पोराबद्दल लिहा. जानेवारीत जुने पेपर घेऊन घड्याळ लावून सोडवा.

मालकांबद्दल तुम्ही लिहिलंय, हो नाही आणि नाहीही नाही. बऱ्याच घरांत "हो" असंच दिसतं. त्यांच्याकडून मोठी परवानगी मागू नका, एक बारीक काम सांगा. परीक्षेच्या दिवसांत सकाळी केंद्रावर सोडायचं. गाडीची किक मारायचं काम माणूस आनंदाने करतो, आणि सोडायला येणारा माणूस मग निकालाचीही वाट बघतो.

बारावी झाली की त्याच जूनमध्ये मुक्त विद्यापीठात बीएला नाव घाला. तेव्हा तुम्हाला पूर्वतयारी, थेट प्रवेश, कशाचीच फिकीर उरणार नाही. पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागते, ती वाट तिथून सुरू होते. अभ्यासकेंद्र निवडताना केंद्राच्या पाटीपेक्षा तिथले रविवारचे वर्ग खरंच भरतात का ते बघा. आधी शिकून गेलेल्या दोघी-तिघींना विचारा.

या आठवड्यात एवढं करा. माहेरच्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका हातात घ्या. अकरावीला नाव घातलं होतंत, तेव्हा मूळ दाखला त्या कॉलेजात जमा झाला असेल, म्हणजे तिथून काढावा लागेल. जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो, म्हणून आजच फोन करा. दहावीच्या कागदावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, हा घोळ जवळजवळ प्रत्येक बाईचा असतो. फॉर्मवर नाव दाखल्यावर आहे तसंच लिहा, विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडीला ठेवा. ते काढलं नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा. मग बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन एक साधा अर्ज द्या: मी सध्या मदतनीस आहे, सेविकेच्या जागेसाठी मला नेमकी कोणती अट लागू होते ते लेखी कळवावं. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी उत्तर देणारा माणूस बदलून जातो.

दाखला हातात आला की मला कळवा. तुमच्या भागातल्या एका निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिकेशी माझं बोलणं झालंय. आठवड्यातून एकदा शिकवायला त्या तयार आहेत, आणि पैसे घेणार नाही म्हणाल्यात.

तुमची,
बाई